विद्यापीठाचं फाटक आपल्यासाठीही उघडं आहे

“मॅडम, त्या विद्यापीठात आपलं काय काम?”

विज्ञान दिनाच्या सहलीचं संमतिपत्र हातात धरून माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अब्बांनी मला हे विचारलं, त्याला आता दोन वर्षं होतील. मुलगी तेव्हा आठवीत होती. अब्बा पुण्यात रिक्षा चालवतात. गणेशखिंडीतल्या त्या फाटकाशी त्यांनी आजवर शेकडो पॅसेंजर सोडले असतील, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणी अडवलं म्हणून नाही. आत आपल्यासारख्यांसाठी काही असेल, हे त्यांना कधी वाटलंच नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. कधी शब्दांत, कधी नुसत्या चेहऱ्यावर. विद्यापीठ म्हणजे बारावीनंतर, भरपूर मार्क आणि भरपूर पैसे असतील तर जायची जागा, असा आपला पक्का समज आहे. हा समज निम्माच खरा आहे, आणि उरलेल्या निम्म्यापायी आपल्या मुलांचं नुकसान होतं. म्हणून हा लेख.

विद्यापीठाचं तिसरं काम

विद्यापीठाची दोन कामं सगळ्यांना माहीत असतात : शिकवणं आणि संशोधन करणं. तिसरंही एक काम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली आपल्या धोरणात ते स्पष्ट लिहिलं. शिक्षण आणि संशोधनाच्या बरोबरीने ‘विस्तार’, म्हणजे आपल्याकडचं ज्ञान फाटकाबाहेरच्या समाजापर्यंत नेणं, हीसुद्धा विद्यापीठाची जबाबदारी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक वृत्ती वाढवणं हे त्यातलं एक कर्तव्य आहे.

म्हणजे एखादी वैज्ञानिक संस्था शाळकरी मुलांसाठी दार उघडते, तेव्हा ती कुणावर मेहरबानी करत नाही. ती तुमच्या-आमच्या करावर चालते. रिक्षात पेट्रोल किंवा सीएनजी भरताना आपण जो कर देतो, त्याचाही त्यात वाटा आहे. त्यामुळे तिथे जाताना बिचकायचं कारण नाही.

पुण्यात आणि आसपास काय आहे?

मी पुण्याची, म्हणून पुण्याचं उदाहरण घेते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातच ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे. ती १९८८ मध्ये सुरू झाली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा अनेकांना त्यांची पोस्टकार्डं आठवली. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, सही अशी मिळणार नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ गावोगावच्या मुलांना हाताने उत्तरं लिहीत होता. विस्तार या जड शब्दाचा अर्थ इतका साधा असू शकतो.

आयुकाच्या आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ती इमारत उभी राहिली. तिचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींमधल्या एका ताऱ्याचं हे नाव आहे, आणि त्यात पु. ल.ही आले. अरविंद गुप्तांनी इथे बरीच वर्षं काम केलं. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेला हा माणूस ट्रकच्या कारखान्यातली नोकरी सोडून मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी करत बसला. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, सरबताची स्ट्रॉ, जुनी सीडी. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो पुस्तकं आणि छोट्या फिल्म फुकट आहेत : मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि उर्दूतही.

आयुकाचा आणखी एक जुना उपक्रम म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी होणारं व्याख्यान. आणि २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, संस्था सगळ्यांसाठी खुली होते. याच तारखेला १९२८ मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी ‘रामन परिणाम’ जाहीर केला होता. १९८७ पासून देशभर हा दिवस पाळला जातो.

पाषाणला ‘आयसर’ आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत मुलांसाठी विज्ञान उपक्रम केंद्र आहे आणि शाळेतल्या शिक्षकांचं प्रशिक्षणही होतं. पुण्याहून नाशिककडे निघालात, तर नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथेही लोकांना प्रवेश असतो आणि ग्रामीण भागातली मुलं आपापले प्रयोग मांडतात.

या तबकड्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. मुलं हमखास विचारतात, “मॅडम, भोकं असलेल्या आरशात काय दिसणार?” उत्तर गमतीचं आहे. ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी पकडते, त्यांची लांबी सुमारे वीस सेंटीमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत असते. जाळीची भोकं त्यांच्या मानाने इतकी बारीक, की लहरींसाठी ती जाळी अखंड आरशासारखीच. जाळी हलकी असते आणि वारा तिच्या आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी कमी खर्चात उभी राहते. आणि तिथे मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की जवळच्या फोनच्या गोंगाटात ते बुडून जातील.

मुंबईकरांसाठी मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शिवाय टीआयएफआरचा ‘चाय अँड व्हाय’ हा रविवारचा कार्यक्रम आहे. शास्त्रज्ञ सोप्या भाषेत बोलतात, लोक चहा पीत प्रश्न विचारतात. प्रवेश मोफत.

एका मोटरची गोष्ट

आता त्या सहलीकडे येते. अब्बांनी शेवटी सही केली, पण एका अटीवर : मी पण येणार. आले. आठ मुली त्यांच्या आणि त्यांच्या दोस्ताच्या रिक्षांतून आल्या, बाकीची मुलं बसने.

एका टेबलावर विद्यापीठातले विद्यार्थी मुलांकडून मोटर बनवून घेत होते. सामान म्हणाल तर एक बॅटरीचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक छोटा लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. या तारेवर व्हार्निशचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. म्हणून वेटोळ्याची दोन्ही टोकं ब्लेडने खरवडायची. पण एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूने.

माझ्या विद्यार्थिनीने दोन्ही टोकं चांगली चकचकीत खरवडली. वेटोळं पिनांवर ठेवलं. ते थरथरलं, जागच्या जागी डोललं आणि थांबलं. शेजारच्या मुलाचं गरागरा फिरत होतं. ती रडवेली झाली. मला वाटलं, आता ताई सांगतील की तुझं चुकलं. पण त्या ताईंनी उलट विचारलं, “वेटोळं अर्धं फिरल्यावर चुंबक त्याला कुठल्या दिशेला ढकलेल?”

मुलगी बराच वेळ बोटाने हवेत वेटोळं फिरवत राहिली. मग म्हणाली, “उलटं. परत मागे.” आणि दुसऱ्या क्षणी, “म्हणजे तेव्हा वीज बंद पाहिजे!”

बरोबर. अर्ध्या फेरीत वीज मिळते आणि धक्का बसतो. उरलेल्या अर्ध्या फेरीत व्हार्निशमुळे वीज बंद होते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. म्हणून टोक अर्धंच खरवडायचं. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. तिने वहीत उतरवलंही होतं. पण तिला ते कळलं त्या दिवशी, चूक केल्यावर.

मागे उभे असलेले अब्बा इतका वेळ गप्प होते. ते हळूच म्हणाले, “रिक्षाचा सेल्फ मारतो, तेव्हा आत हेच फिरतं ना?” ताई म्हणाल्या, “हो काका, अगदी हेच.” मग दोघं पाच मिनिटं स्टार्टर मोटरच्या कार्बन ब्रशबद्दल बोलले. ब्रश झिजला की सेल्फ का लागत नाही, हे अब्बांना ताईंपेक्षा जास्त माहीत होतं. मुलगी आपल्या अब्बांकडे बघतच राहिली.

आपल्या वस्तीत गॅरेजवाले आहेत, वेल्डर आहेत, मोटर वाइंडिंग करणारे आहेत, शिवणयंत्रं दुरुस्त करणारे आहेत. भौतिकशास्त्र आपल्या घरात रोज वापरलं जातं. फक्त त्याला कुणी त्या नावाने हाक मारत नाही.

एक गोष्ट, तीन नावं

आपल्या मुलांसमोर एक वेगळी अडचण आहे. उर्दू माध्यमाच्या मुलाला दहावीपर्यंत ‘कशिश-ए-सिक्ल’ माहीत असतं. मराठी माध्यमातल्या त्याच्या शेजाऱ्याला ‘गुरुत्वाकर्षण’. अकरावी सायन्सला दोघांसमोर ‘ग्रॅव्हिटेशन’ येतं. ‘झियाई तालीफ’, ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘फोटोसिंथेसिस’, हेही तसंच. अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत हुशार पोरं गप्प होतात, ती विषय येत नाही म्हणून नव्हे. शब्द अनोळखी असतात आणि हात वर करायची लाज वाटते. मग घरी निरोप येतो : “सायन्स जमत नाही.”

हे नुसतं माझं मत नाही. होमी भाभा केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं. घरी शिकलेलं कुणी नाही, शाळेत मागे पडलेली मुलं. त्यांच्या भाषेवर मेहनत घेतली, प्रयोग करायला दिले, प्रश्न विचारायला शिकवलं. मुलांच्या निकालांत ठळक सुधारणा झाली. डोकं कमी नव्हतं. वाटेत भाषेची भिंत होती.

उर्दूत विज्ञान शिकणं यात कमीपणा काहीच नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये सायंटिफिक सोसायटी काढली, ती इंग्रजीतलं ज्ञान उर्दूत आणण्यासाठीच. हैदराबादेत १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिलं जाई. त्यासाठी भाषांतराचा वेगळा विभाग होता, नवे शब्द घडवले जात. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या भाषेत विज्ञान होतं. प्रश्न भाषा कुठली हा नाही. एका भाषेतून दुसरीत जायला पूल आहे का, हा आहे. असे उपक्रम हा पूल बांधू शकतात, कारण मोटर फिरली की ती तिन्ही भाषांत फिरते. मग शब्द मागून शिकता येतात.

घरच्या गच्चीवरचा प्रयोग

सहलीला जायला जमलं नाही, तरी चालेल. एक प्रयोग सांगते, खर्च शून्य.

आपण जवालची वेळ पाळतो. सूर्य माथ्यावर येऊन कलतो ती वेळ. पण ‘माथ्यावर’ म्हणजे अगदी डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो. पुण्या-मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. मे महिन्यातल्या त्या दिवशी पुण्यात साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली बरोबर तिच्या पायाखाली जाते. याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. खगोलशास्त्रज्ञांच्या संघटना या दिवशी मुलांना मैदानात उतरवतात. (जुलैत ढग असतात, म्हणून मे बरा.) एक काठी जमिनीत सरळ रोवा, सावलीच्या टोकावर दर दहा मिनिटांनी खडा ठेवा. बाकीचं मूल स्वतः विचारेल.

असरची वेळही सावलीवरूनच ठरते. कोकणातले आपले शाफई बांधव जवालच्या सावलीत काठीची एक लांबी मिळवतात, बाकी महाराष्ट्रातले बहुतेक हनफी दोन लांब्या. हे सातवीच्या मुलाला मोजायला सांगा. गणित, भूगोल आणि रोजची नमाज एका दोरीत ओवली जाते.

आणखी एक. २७ आणि २८ मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास सूर्य मक्केच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या क्षणी आपल्या गच्चीवरच्या काठीची सावली ज्या दिशेला पडते, तिच्या नेमक्या उलट दिशेला किब्ला. मोबाइलमधल्या कंपासशी ताडून पाहा. फरक आला तर का आला, हा पुढचा प्रश्न.

कुठे कमी पडतं?

सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मुलांना घेऊन गेले होते. नाव घेत नाही. तिथे सगळे फलक इंग्रजीत, बोलणारे इंग्रजीत, आणि प्रत्येक दालनात “पुढे चला, पुढे चला”. मुलं तीन तास रांगेत चालून, एक बिस्किटाचा पुडा खाऊन परतली. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय पाहिलं? उत्तर आलं, “गर्दी.”

दुसरी अडचण आपल्याच बाजूची. संस्थांची परिपत्रकं शाळेत येतात आणि फायलीत जातात. मीही अशा दोन-तीन संधी घालवल्या आहेत. परीक्षा जवळ आहे, बसचे पैसे कोण देणार, मुलींना पाठवतील का. कारणं खरी असतात, पण संधी जाते ती जातेच.

आणि वर्षातून एक दिवस पुरत नाही. २८ फेब्रुवारीला पेटलेली उत्सुकता एप्रिलपर्यंत विझते. तिला पुन्हा पुन्हा हवा द्यावी लागते.

आपण काय करू शकतो?

पालकांनो, सुरुवात छोटी करा. शाळेच्या सभेत मार्कांबरोबर एक प्रश्न विचारा : या वर्षी मुलं कुठल्या विज्ञान संस्थेत जाणार आहेत? दोन पालकांनी विचारलं तरी शाळा पत्र लिहायला घेते.

जवळच्या संस्थेच्या संकेतस्थळावर खुल्या दिवसाची तारीख पाहा, दर वर्षी नीट तपासून घ्या. काही ठिकाणी आधी नोंदणी लागते. तुमच्या जिल्ह्यात विद्यापीठ किंवा सायन्स कॉलेज असेल, तर शाळेच्या किंवा मोहल्ला कमिटीच्या लेटरहेडवर विनंती करा : दोन विद्यार्थी आणि एक पेटीभर प्रयोग घेऊन आमच्याकडे या, आणि शक्य असेल तर मराठीत किंवा हिंदी-उर्दूत बोला. प्रत्येक वेळी आपणच जायला हवं असं नाही, त्यांनीही यायला हवं.

मुलींना पाठवताना काळजी वाटते, तर सोबत जा. अम्मीने, खालाने, मोठ्या भावाने. सोबत गेलेल्या माणसालाही तिथे काहीतरी सापडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि घरी मूल काही उघडून बसलं, मोडलं, तर लगेच ओरडू नका. आधी विचारा, आत काय दिसलं?

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे वाचक विचारतील. त्या वर्षी अब्बांनी तिला दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानाला तीनदा नेलं. सकाळचा धंदा सोडून. मग घरची अडचण आली आणि ते बंद पडलं. या वर्षी ती दहावीला आहे. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं आहे. कॉलेज लांब आहे, क्लासची फी आहे, घरात तिच्या मागे आणखी दोघं आहेत. अजून काही ठरलेलं नाही. गेल्या आठवड्यात अब्बा शाळेच्या दारात भेटले, तेव्हा मला वाटलं, पुन्हा तोच प्रश्न येणार.

त्यांनी विचारलं, “मॅडम, सायन्सला स्कॉलरशिप कुठली कुठली मिळते? फॉर्म कधी निघतात?”

आम्ही तिथेच उभं राहून यादी केली.